कोळंबीचे तळे भोवतालच्या पाण्याला जड होऊ नये म्हणून

कोळंबी संवर्धनामुळे होणारे पुष्कळसे नुकसान जागा निवडतानाच ठरून जाते. खारफुटी तोडून तळे खोदण्याचा विचारही करू नये. तेथील मातीत लोह आणि गंधकाची संयुगे दडलेली असतात. ती उघडी पडून त्यांना हवा लागली की आम्ल तयार होते आणि मग चुना टाकूनही पाण्याचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) सहजासहजी सावरत नाही. भरतीरेषेच्या वरची, पाणी धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची जागा घ्यावी, म्हणजे खारे पाणी झिरपून शेजारची शेते आणि विहिरी खारावणार नाहीत.

यानंतर सर्वाधिक लक्ष द्यावे ते खाद्याकडे. खाद्यातील नत्राचा फार तर एक तृतीयांश भाग कोळंबीच्या अंगी लागतो आणि उरलेला पाण्यात व गाळात जातो. त्यामुळे वाया गेलेले खाद्य हेच माझ्या मते तळ्यातील प्रदूषणाचे मूळ आहे. दिवसाचे खाद्य चार-पाच वेळा विभागून द्यावे आणि प्रत्येक वेळी दीड-दोन तासांनी चेक ट्रे, म्हणजे थोडे खाद्य ठेवून तळाशी सोडलेले तबक, वर काढून पाहावा. त्यात खाद्याच्या फुगलेल्या, मऊ पडलेल्या कांड्या शिल्लक असतील, तर पुढच्या वेळचे खाद्य कमी करावे. दोन-चार कोळंब्या उजेडात धरून पाहाव्यात : पाठीतून जाणारी आतड्याची रेघ गडद आणि सलग दिसली, तर त्यांचे पोट भरलेले आहे. कात टाकण्याच्या दिवसांत आणि ढगाळ हवेत त्या कमी खातात, तेव्हा वेळापत्रकाला चिकटून राहू नये. व्हनामेई जातीत एक किलो उत्पादनासाठी 1.2 ते 1.5 किलो खाद्य लागणे चांगले समजले जाते.

विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजावा, कारण त्या वेळी तो सर्वात कमी असतो. लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली तो जाऊ देऊ नये. बीज (कोळंबीची पिल्ले) रोगजंतू शोधणारी पीसीआर चाचणी झालेले, रोगमुक्तच घ्यावे. पांढरे ठिपके हा विषाणूजन्य रोग असल्याने प्रतिजैविकांचा त्यावर काहीही उपयोग होत नाही. उलट त्यांच्या वापराने पाण्यातील जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात.

काढणीच्या वेळी शेवटी बाहेर पडणारे तळाचे पाणी सर्वाधिक घाण असते, आणि नेमके तेच घाईघाईने खाडीत सोडले जाते. हे पाणी आधी निवळण तळ्यात थांबवावे. तेथे कालवे (शिंपल्यात राहणारे जीव) व समुद्री शेवाळ वाढवल्यास कालवे तरंगणारे कण गाळून घेतात आणि शेवाळ विरघळलेले नत्र व स्फुरद शोषून घेते. तळ्यातला काळा गाळ खाडीत ढकलू नये, तसेच तो खारा असल्याने शेतातही टाकू नये. तो बांधाच्या आतच वेगळ्या खड्ड्यात साठवावा आणि तळ्याच्या तळाला भेगा पडेपर्यंत ऊन द्यावे, मगच पुढचे पाणी भरावे.