ब्लॉगचे हेडर तयार करताना या चुका टाळा

"फक्त वर एक फोटो टाकायचा आहे, पाच मिनिटांचे काम आहे," असे सांगत जो कोणी गोव्यातल्या फोंड्यातील आमच्या डीटीपीच्या दुकानात येतो, त्याला मी आधी खुर्ची देतो आणि चहा मागवतो. पाच मिनिटांत उरकण्याचा प्रयत्न घरी करून झालेला असतो आणि तो फसल्यामुळेच मंडळी इथवर आलेली असतात. भजनी मंडळे, जत्रेला नाटक बसवणारी मंडळे, निवृत्तीनंतर लिहिते झालेले शिक्षक असे अनेक जण आता ब्लॉग चालवतात. त्यांचा मजकूर बहुतेक वेळा वाचनीय असतो, मात्र वरच्या पट्टीत, म्हणजे हेडरमध्ये, वर्षानुवर्षे त्याच चुका दिसतात.

पट्टी आडवी असते

वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीतील ट्वेंटी सिक्स्टीन या थीमचे, म्हणजे पानाच्या तयार साच्याचे, हेडर १२०० × २८० पिक्सेलचे असते, म्हणजे त्याची रुंदी उंचीच्या चौपटीहून अधिक आहे. प्रत्येक थीमचे माप वेगळे असते आणि चित्र निवडण्याच्या जागीच ते लिहिलेले असते, तरीही ते वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. मोबाइलवर काढलेला फोटो सहसा ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. त्यातून वरील प्रमाणाची पूर्ण रुंदीची पट्टी कापली, तर तिची उंची ९३३ पिक्सेल भरते, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक फोटो फेकून द्यावा लागतो. हे गणित न करता जो तो आपल्या आवडीचा उभा विषय घेऊन येतो, आणि आमच्याकडे उभा विषय म्हणजे दीपमाळ.

एका नाट्यमंडळाच्या चिटणिसांनी मंगेशीच्या सात मजली दीपमाळेचा स्वतः काढलेला, खरोखर देखणा फोटो निवडला होता. वर्डप्रेसने कापण्याची चौकट दाखवली, तेव्हा तिच्यात दोन-अडीच मजलेच बसू लागले. चौकट वर सरकवली की नुसते टोक आणि आभाळ उरे, खाली आणली की जोते आणि कोणाच्या तरी चपला. शेवटी त्यांच्या भाच्याने 'युक्ती' केली. त्याने रुंदी आणि उंची यांचे प्रमाण राखणारे कुलूप काढले आणि अख्खा फोटो १२०० × २८० मध्ये चेपून बसवला. दीपमाळ तुळशीवृंदावनाएवढी झाली आणि तिच्याजवळ उभी असलेली माणसे घागरीसारखी दिसू लागली. चिटणिसांना सांगायचे कोणी, या संकोचात ते चित्र चांगले आठवडाभर तसेच राहिले. चित्र कापावे, लहान करावे, हवे तर बदलावे, पण ताणू किंवा चेपू नये, हा नियम मी कोणासाठीही शिथिल करत नाही.

माझी स्वतःची सवय अगदी साधी आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात मी १५ × ३.५ सेंटीमीटरची खिडकी कापून ठेवली आहे. तिचे प्रमाण १२०० × २८० शी तंतोतंत जुळते. फोटो काढण्याआधी त्या खिडकीतून समोर पाहिले, की विषय पट्टीत मावणार की नाही ते तिथल्या तिथे कळते. मांडवीचे पात्र, खाजन शेतांचे बांध, १६३३-३४ साली बांधलेला पणजी-रायबंदरचा बांधरस्ता हे विषय मुळातच आडवे आहेत. त्या मंडळाला मी नांदीसाठी रंगमंचावर ओळीने उभ्या राहिलेल्या कलाकारांचा फोटो काढायला लावला आणि तो एका खेपेत बसला. दीपमाळच हवी असा हट्ट असेल, तर ती पूर्ण उंचीने डाव्या कडेला लहानशी ठेवावी, उरलेल्या पट्टीत फोटोतल्याच आभाळाचा रंग पसरावा आणि त्यावर नाव लिहावे.

डिचोलीची डचोली

दुसरी चूक अक्षरांची आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. डिचोली तालुक्यातील एका भजनी मंडळाचे हेडर मी नव्याने घेतलेल्या संगणकावर जुन्या फोटोशॉपमध्ये तयार केले. नाव ईमेलमधून उचलून चित्रावर चिकटवले आणि रंग, सावली, किनार यांत असा गुंतलो, की ते नाव पुन्हा वाचलेच नाही. चौथ्या दिवशी आमच्या जुन्या मास्तरांचा फोन आला. "हो गांव खंय आसा रे?" एवढेच ते म्हणाले. पाहतो तर ड सुटा पडलेला, त्याची वेलांटी त्याच्या पुढे गेलेली आणि ती च ची असल्यासारखी दिसत होती.

कारण असे, की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि ती व्यंजनाच्या आधी नेऊन काढण्याचे काम प्रणालीतील अक्षरजुळणीचे इंजिन करते. हे इंजिन चालू नसेल तर वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि म्हार्दोळचे 'म्‌हार्‌दोळ' होते. पेडणे किंवा मडगाव लिहून तपासणाऱ्याला मात्र काहीच दोष दिसत नाही, कारण त्या नावांत मोडण्यासारखे काही नसते. म्हणून मी कोणतीही नवी प्रणाली हाती आली, की प्रथम 'डिचोली, सत्तरी, म्हार्दोळ, कुंकळ्ळी' एवढे टाइप करून पाहतो. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन' हा पर्याय निवडावा आणि परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' चालू करावे. गिंप आणि इंकस्केप या मोफत प्रणालींत हा त्रास सहसा होत नाही. पायरेटेड फोटोशॉपसाठी रात्र जागवणाऱ्या नवशिक्यांनी त्या आधी वापरून पाहाव्यात, असे माझे मत आहे.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील नाव चित्रात चालून जाते, कारण तिथे ते चित्रच असते. तेच नाव शीर्षकाच्या चौकटीत चिकटवले, की रोमन अक्षरांचा काला होतो.

मोबाइलवर काय उरते

हेडर मोठ्या पडद्यावर तयार होते आणि वाचले जाते मोबाइलवर. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १२०० × २८० ची पट्टी आकसून ८४ पिक्सेल उंचीची होते आणि तिच्यात ३६ पिक्सेल उंचीने लिहिलेले नाव जेमतेम ११ पिक्सेलचे उरते. इतक्या लहान आकारात अनुस्वार आणि रफार वेगळे ओळखू येत नाहीत. पट्टीवर मंडळाचे नाव, स्थापनेचे वर्ष, घोषवाक्य, पत्ता आणि दोन दूरध्वनी क्रमांक असे सगळे हवे असते, तेव्हा मी ते चित्र माझ्या मोबाइलवर उघडून मागणी करणाऱ्याच्याच हाती देतो आणि वाचायला सांगतो. त्यानंतर बहुधा फक्त नाव शिल्लक राहते. खरे तर नावही ब्लॉगच्या शीर्षकातच मजकूर म्हणून असावे, म्हणजे शोधयंत्रालाही ते वाचता येते.

गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर याच्याशी जोडलेली एक गंमत हमखास होते. चित्रात नाव लिहिलेले असते आणि चित्राची जागा 'शीर्षक व वर्णनाच्या मागे' अशी निवडलेली असते, त्यामुळे नावावर नाव छापले जाते. नाव चित्रात असेल तर 'शीर्षक व वर्णनाऐवजी' हा पर्याय निवडावा.

थोडक्यात आटोपण्यासारख्या चुका

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच आकसलेला असतो. तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. छपाईच्या फ्लेक्सची फाइल तशीच चढवू नये, कारण छपाईसाठीचे सीएमवायके रंग पडद्यावर भलतेच दिसू शकतात. तिचे रंग आधी पडद्यासाठीच्या आरजीबीमध्ये बदलून घ्यावेत. ३०० डीपीआयचा (इंचामागे ३०० ठिपक्यांचा) आग्रह छापखान्यात ठीक आहे, पडद्याला केवळ पिक्सेल कळतात. फोटो असेल तर जेपेग, सपाट रंगांचे बोधचिन्ह असेल तर पीएनजी. पाच एमबीचे चित्र कोणीही चढवू नये, मी २०० केबीच्या वर जात नाही.

जुनी माहिती वाचून वर्डप्रेसमध्ये हेडर बदलण्यासाठी 'कस्टमाइझ' हा पर्याय शोधत बसणाऱ्यांनी आपली थीम ब्लॉकची, म्हणजे सुट्या तुकड्यांनी पान रचणारी, आहे का ते पाहावे. वर्डप्रेस ५.९ पासून, म्हणजे २०२२ पासून, अशा थीममध्ये हेडर साइट एडिटरमध्येच बदलते.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रे इंटरनेटवरून उचलून पट्टीवर लावण्याची हौस आमच्याकडे फार आहे. त्यांचे निधन २०११ साली झाले आणि भारतीय कायद्यानुसार चित्रांवरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत परवानगीवाचून ती वापरता येणार नाहीत. आपल्या गावातील एखाद्या हौशी छायाचित्रकाराला विचारावे, तो आनंदाने फोटो देतो आणि आपण खाली त्याचे नाव घालावे.

चित्र चढवल्यावर जुनेच दिसत राहिले, तर तेच चित्र पुन्हा पुन्हा चढवू नये. एका गृहस्थांनी असे नऊ वेळा केले होते आणि मीडिया लायब्ररीत नऊ सारखी हेडर ओळीने उभी होती. दोष ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा असतो. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबावीत, मोबाइलवर पान इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडावे. तेवढ्यानेही भागले नाही, तर फाइलला रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता नवे नाव द्यावे आणि एकदाच चढवावे.