ब्लॅकपूल बघायचं तर जुन्या पद्धतीने

इंग्लंडात आलेला प्रत्येक जण लंडन धरतो. मी पाहुण्यांना ब्लॅकपूलला पिटाळते, वायव्य इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावाला. उन्हाळ्यातच जा, पण पोरं बरोबर असतील तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या गाढवांना सक्तीची सुट्टी असते, आणि गाढवावर बसायला न मिळालेलं पोर दिवसभर डोकं खातं.

मोटार नको, रेल्वेनेच जा. 1846 मध्ये रेल्वे आली म्हणून तर हे गाव वाढलं. आसपासच्या लँकशायर परगण्यातल्या कापडगिरण्या ‘वेक्स वीक’मध्ये, म्हणजे वार्षिक सुट्टीच्या आठवड्यात, बंद व्हायच्या आणि अख्खं गिरणगाव इथे लोटायचं. पगारी रजेचा कायदा 1938चा. त्याआधी बहुतेक कामगार वर्षभर पै-पै साठवून येत.

आधी नॉर्थ पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांबलचक धक्क्यावर, चाला. तो 1863चा आहे. भरती असेल तर फळ्यांच्या फटींतून पायाखाली पाणी उसळताना दिसतं. मग 1894चा टॉवर. वर नाही गेलात तरी चालेल, पण खालच्या बॉलरूममध्ये चहा घ्याच. तिथे ऑर्गनवर म्हातारी जोडपी काय सुरेख नाचतात!

फिश अँड चिप्स खाताना पाठ भिंतीला टेकवा. सीगल मागून झडप घालतात, लाजबिज काही नाही.

येताना ‘रॉक’ घ्या, म्हणजे साखरेची गुलाबी कांडी. गरम साखरेच्या जाडजूड लोळ्यात अक्षरं रचून तो ओढत ओढत बारीक करतात, म्हणून कुठेही तोडा, गावाचं नाव दिसतंच. चावू मात्र नका, दात जातील. आणि विंडचीटर न्या, जुलै असला तरी.