चौरस फुटाचा रेट विचारू नका: ठाण्यात खिडक्या बदलायचं बजेट कसं बांधावं

आतापर्यंत चार घरांच्या खिडक्या बदलून झाल्या. आधी आमच्या कोलशेतच्या, मग नौपाड्यात सासूबाईंच्या जुन्या लोखंडी, मग नेरुळला नणंदेच्या सिडकोच्या घरातल्या आणि शेवटी कळव्याला माहेरच्या. त्यामुळे ओळखीत कुणाला खिडक्या करायच्या असल्या की फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या स्क्वेअर फुटाचा रेट काय चाललाय?" याचं उत्तर मी देत नाही. का, ते तिसऱ्या पायरीत सांगते.

१. कुठली खिडकी कशासाठी

घरातल्या सगळ्या खिडक्यांना एकच माल लावू नका. कागदावर प्रत्येक खिडकीपुढे तिचं दुखणं लिहा: पाऊस, आवाज, ऊन की नुसतीच जुनी झालीय. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून, म्हणून आधी पैसा त्या बाजूला. डक्टकडच्या, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या मोकळ्या जागेत उघडणाऱ्या खिडकीला साधा माल पुरतो.

व्हिडिओ बघून लोक मला सांगतात, दुहेरी काच लावा, विजेच्या बिलात पैसे वसूल. ती गणितं थंड देशांची. बाहेर उणे २० आणि घरात २०, असं ४० अंशांचं अंतर जिथे आठवडेच्या आठवडे राहतं, तिथे दोन काचांमधली पोकळी घरातली ऊब धरून ठेवते. एकेरी काचेच्या मानाने निम्मीच उष्णता बाहेर जाते, हे खरंच आहे. पण ठाण्यात मे महिन्यात बाहेर ३५ आणि एसी २५ वर, म्हणजे अंतर १० अंशांचं, तेही एसी चालू असेल तेवढाच वेळ. शिवाय आपल्याला छळतं ते थेट ऊन, आणि साधी पारदर्शक दुहेरी काच ते फारसं अडवत नाही. पश्चिमेला ऊन परतवणारा थर असलेली काच घ्या, नाहीतर छज्जा नीट करून घ्या.

घोडबंदर रोडच्या आवाजावर लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर देऊन चिकटवलेल्या दोन काचा) चांगली, पण ती कब्ज्यांच्या, घट्ट दाबून बंद होणाऱ्या खिडकीत. सरकत्या खिडकीच्या फटीतल्या ब्रशमधून आवाज आत येणारच. तिथे महागडी काच बसवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

२. माप आणि सोसायटी

रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, इंचात मोजा आणि लहानातलं लहान माप धरा. सोसायटीकडून लेखी परवानगी, डिपॉझिट आणि कामाच्या वेळा आधी विचारून घ्या. बाहेरून दिसणारा रंग बदलायला सहसा कुणी परवानगी देत नाही.

३. कोटेशन वाचणं

इथे मी स्वतः आपटले आहे. कोलशेतच्या वेळी तीन कोटेशन्स आणली, तिन्हीतला रेट पाहिला आणि सर्वांत कमी रेटवाल्याला काम दिलं. ते सर्वांत महाग पडलं.

पहिली मेख मापाची. बरेच फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून बसवणारे, माप पुढच्या ३ किंवा ६ इंचांच्या पटीत धरतात. समजा, खिडकी ४६ इंच रुंद आणि ४४ इंच उंच आहे. खरं क्षेत्रफळ १४.०६ चौरस फूट. ६ इंचांच्या पटीत धरलं की तीच खिडकी ४८ बाय ४८, म्हणजे १६ चौरस फूट. आता समजा, पहिल्याचा रेट ८०० रुपये, पण पटीत. दुसऱ्याचा ८८०, पण खऱ्या मापावर. पहिल्याचं बिल १२,८००, दुसऱ्याचं साधारण १२,३७०. स्वस्तातला महाग निघाला. पटीत मोजणं ही लबाडी नव्हे, धंद्याची रीत आहे. पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. म्हणून रेट नको, प्रत्येक खिडकीची बसवून दिल्याची एकूण रक्कम मागा, आणि १८ टक्के जीएसटी त्यात धरलाय का, तेही लिहून घ्या. ४० हजारांवर तो ७,२०० होतो. "प्लस टॅक्स" हे दोन शब्द कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतात.

दुसरी मेख मालाची. सेक्शन म्हणजे ज्यापासून चौकट बनते ती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. "हेवी सेक्शन" हा शब्द कोटेशनमध्ये दिसला की खोडा आणि सेक्शनच्या मालिकेचं (सिरीजचं) नाव व जाडी मिलिमीटरमध्ये लिहायला लावा. दीड मिलिमीटर जाडीचा सेक्शन आणि एक मिलिमीटरचा सेक्शन बसवल्यावर दिसायला सारखेच, फरक जूनमधल्या वाऱ्यात कळतो. मी तर पर्समध्ये मुलाचा जुना व्हर्नियर कॅलिपर घेऊन दुकानात जाते. काउंटरवरचा तुकडा चिमटीत धरून मोजला की बोलण्याचा सूरच बदलतो. काचही तशीच: ५ मिलिमीटर की ६, साधी की टफन्ड (तापवून कडक केलेली). टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे मापात चूक झाली तर नवीन काचेचे पैसे कुणी द्यायचे, हे आधीच ठरवा. जाळीचं तिसरं शटर (सरकणारा पल्ला) रकमेत आहे की वेगळं? खाडीच्या बाजूला राहत असाल तर जाळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचीच घ्या, साधी गंजते.

तिसरी मेख सर्वांत वाईट, कारण ती कोटेशनमध्ये लिहिलेलीच नसते: खिडकीभोवतीची भिंत. जुनी चौकट उपटताना प्लास्टर निघतं. ग्रिल काढताना खालचा ग्रॅनाइट तडकतो, तडकणारच असं धरून चाला. मग गवंडी, दगड, वॉटरप्रूफिंग, रंगाचा हात, डेब्रिजच्या गोण्या खाली नेण्याची हमाली. फॅब्रिकेटर म्हणतो, "ते सिव्हिल काम, आमच्यात येत नाही." लोक सल्ला देतात की वर १० टक्के धरा. कशाचे १० टक्के? गवंड्याला घरी बोलवा, खिडकी दाखवा, त्याचा आकडा वेगळ्या कागदावर घ्या आणि बेरजेत टाका.

मी हे केलं नव्हतं. खालचा दगड आहे तसाच ठेवला, पैसे वाचले म्हणून खूशही झाले. जुलैत एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी पाय ठेवला तर चटई पचपचली. खालचा ट्रॅक काठोकाठ भरून पाणी आत ओसंडत होतं. ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. कारागिराने "इथूनच पाणी येईल" म्हणून त्यांवरच सिलिकॉन फिरवलं होतं. कंपासच्या टोकाने एक भोक मोकळं केलं तेव्हा गुळगुळ आवाज करत ट्रॅक रिकामा झाला. पण ओल थांबली नाही, कारण दगडाचा ढाळ आतल्या बाजूला होता. पुढच्या थंडीत शटर काढा, दगड उचला, बाहेर ढाळ देऊन पुन्हा बसवा. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट गेले, भिंतीचे पोपडे वेगळेच.

तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये तीन ओळी हाताने लिहिलेल्या असतात. दगडाला बाहेर ढाळ आणि पुढे आलेल्या काठाखाली पाणी तोडणारी खाच. ट्रॅकची भोकं उघडी. आणि दगड-भिंतीच्या सांध्याला न्यूट्रल सिलिकॉन. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते मार्बलवर आणि सिमेंटवर नीट धरत नाही, वर डाग पाडतं. काम चालू असताना वास घ्या, आंबट आला की तिथेच थांबवा.

या सगळ्या आकड्यांची एका खिडकीपुरती बेरीज केली की तिन्ही कोटेशन्स एका मापात येतात. त्याआधी घासाघीस करू नका.

४. कधी

डिसेंबर ते मार्च. मेच्या मध्यानंतर फॅब्रिकेटर फोन उचलत नाही, आणि उचलला तर रेट त्याचा.

५. पैसे कसे द्यावेत

निम्मे आगाऊ चालतात, त्याहून जास्त मी देत नाही. माल घरी उतरल्यावर, जाडी मोजून, पुढचा हप्ता. शेवटचे १० टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. ही अट ऐकून तोंडं वाकडी होतात. कुणी अडून बसलंच तर मी म्हणते, मग आत्ता पाऊस पाडू. बाथरूममधून पाइप आणायचा, शक्य असेल तर वरच्या मजल्यावरून, आणि दहा मिनिटं खिडकीवर पाणी मारायचं. आत ट्रॅकखाली वर्तमानपत्र अंथरायचं. कागद कोरडा, तर पैसे तयार. कळव्याला कागदाचा एक कोपरा ओला झाला. कारागिराने मुकाट्याने शटर उतरवून कोपऱ्यातला सांधा पुन्हा भरला.

६. भंगार

जुनं अ‍ॅल्युमिनियम "आम्ही घेऊन जातो" म्हणतात, ते फुकटात. किलोवर विकलं जातं ते. आधी वजन करा आणि ती रक्कम बिलातून वळती करून घ्या. सासूबाईंच्या लोखंडी खिडक्यांचे पैसे मी गवंड्याला दिले, हमालीसकट.