मोचिमोचि, पुरुपुरु, फुवाफुवा : जपानी शिकणाऱ्या नव्यांसाठी

जपानी शिकताना जेएलपीटी या भाषा-परीक्षेची एन-३ ही मधली पातळी ओलांडली की पाठ्यपुस्तकात फारशी जागा न मिळालेले शब्द सगळीकडून समोर येऊ लागतात. पावाच्या पाकिटावर, क्रीमच्या डबीवर, मेनूकार्डावर, खाण्याच्या कार्यक्रमांत. हे ‘गिताइगो’. आवाजाची नव्हे, तर स्पर्शाची, हालचालीची, अवस्थेची नक्कल करणारे शब्द. मी भाषांतर करते आणि खाद्यपदार्थांचा मजकूर माझ्याकडे सतत येतो, म्हणून त्यातल्या मऊ पदार्थांच्या शब्दांबद्दल थोडं सांगते.

माझं सांगणं एवढंच, की हे शब्द अर्थ लिहून पाठ करू नका, त्या-त्या पदार्थासकट शिका. कारण वहीत अर्थ लिहायला गेलात तर सगळ्यांसमोर ‘मऊ’ एवढंच येतं. प्रत्यक्षात फुवाफुवा म्हणजे आत हवा भरलेलं: ढग, रजई, स्पंज केक. पुरुपुरु म्हणजे बशी हलवली की थरथरणारं जेली किंवा कस्टर्ड पुडिंग. ताजी कोळंबी पुरिपुरि असते, आतून भरीव, दाताखाली तटकन तुटणारी. बाळाचे गाल आणि मांजराच्या पंजाच्या गाद्या पुनिपुनि, बोटाने दाबून बघाव्याशा वाटणाऱ्या. यातला एक शब्द दुसऱ्या पदार्थाला लावला तर जपानी माणसाच्या डोळ्यांसमोर वेगळाच पदार्थ उभा राहतो.

मोचिमोचि मात्र आपल्याला सगळ्यात अवघड जातो, आणि त्यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं. हा शब्द ‘मोची’ या तांदळाच्या चिकट जपानी पदार्थाशी जोडलेला आहे. मोची ‘मोचिगोमे’ या चिकट तांदळाची करतात. त्यात भात मोकळा ठेवणारं अमायलोज हे स्टार्च जवळजवळ नसतंच, सगळा स्टार्च चिकटपणा देणाऱ्या अमायलोपेक्टिनचा, म्हणून वाफवून कुटल्यावर तो ताणला जातो. जपानी माणसाला भातही थोडा असाच आवडतो. ‘मिल्की क्वीन’ हे कमी अमायलोजचं वाण त्याच चिकटपणासाठी ओळखलं जातं. आपल्याकडे भात मोकळा, शीत न् शीत सुटं झालं की कौतुक होतं. चावताना दाताला धरून ठेवणाऱ्या पदार्थाला आपले शब्द ‘चिवट’, ‘चामट’, म्हणजे तक्रारच. मोचिमोचि ही निव्वळ स्तुती आहे. म्हणून मी तिथे ‘लुसलुशीत’ लिहीत नाही, कारण लुसलुशीत पाव तोंडात विरघळतो आणि मोचिमोचि पाव चावावा लागतो. ‘मऊ, पण चावताना ताण देणारा’ असं लांबलं तरी मला चालतं.

आता थोडं शब्दांच्या घडणीबद्दल. घोष व्यंजन (‘प’ऐवजी ‘ब’, ‘त’ऐवजी ‘द’) आलं की बहुधा वजन वाढतं, अनेकदा किळसही. पुयोपुयो म्हणजे मऊ, डुलणारं. बुयोबुयो म्हणजे फुगून लिबलिबीत झालेलं. तोरोतोरो दाटसर वितळलेलं, तर दोरोदोरो चिखलासारखं. शेपटाकडेही लक्ष द्या. ‘मोचित्तो’मध्ये झटका आहे, ‘फुन्वारि’मध्ये संथपणा, ‘पुरुन’मध्ये एकदाच हलून थांबणं. ‘सोतो वा कारित्तो, नाका वा मोचित्तो’, म्हणजे बाहेरून कुरकुरीत आणि आतून मोचिमोचि, हे तर जाहिरातींत इतकं येतं की पाठच करून टाका. दोन शब्द जोडून ‘फुवातोरो’ ऑम्लेटही होतं.

व्याकरणात ‘मोचिमोचि शिता पान’ आणि ‘फुवाफुवा नो पान’ (‘पान’ म्हणजे पाव) दोन्ही रचना भेटतील. उच्चारही बदलतो: ‘फुवाफुवा तो’ म्हणताना स्वर पहिल्या अक्षरावर उंच असतो आणि मग उतरतो; ‘फुवाफुवा नो’मध्ये तो चढून सपाट राहतो. हे कानाने पकडायला जपानी स्वयंपाकाचे व्हिडिओ मला पुस्तकांपेक्षा उपयोगी पडले. पदार्थ दिसतो, चमच्याने तो हलतो आणि त्याच क्षणी शब्द कानावर येतो.

सगळं शिकायचं म्हटलं तर अंत नाही. जपानी संशोधकांनी खाण्याच्या पोताचे ४४५ शब्द नोंदवलेत आणि त्यातले बहुतेक अनुकरणवाचक आहेत. सुरुवातीला वरचे एवढे पुरेत. मराठी मुलांना एक सोय आहे: खुसखुशीत, भुसभुशीत, लिबलिबीत, गुबगुबीत म्हणत आपण वाढलोय, द्विरुक्तीचा कान आपल्याकडे आधीच आहे. इंग्रजीतून अर्थ शोधण्यापेक्षा आधी मराठीत चाचपून बघा.

परीक्षेपुरतं बघणाऱ्यांना हे सगळं फाजील वाटेल, पण कामावर तसं नसतं. जपानने २०१९ साली सुरू केलेल्या ‘तोकुतेइ गिनो’ म्हणजे कुशल परदेशी कामगारांसाठीच्या व्हिसात अन्नपदार्थ निर्मिती, उपाहारगृहं आणि शुश्रूषा ही क्षेत्रं आहेत. पहिल्या दोन्हींत ‘आज कणीक नीट मोचिमोचि झाली नाही’ अशीच भाषा कानावर पडायची. शुश्रूषेला जाणाऱ्यांनी मात्र आधी दुखण्याचे शब्द घ्यावेत: ठणका लागला की ‘झुकिझुकि’, टोचल्यासारखं झालं की ‘चिकुचिकु’. आजी-आजोबा दुखणं याच शब्दांत सांगतात, आणि ते डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोचवायचं काम तुमचं असतं.