मेडिकल मारिवानाचं कार्ड आणि घरात बंदूक: या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या घरात आता दोन्ही गोष्टी दिसायला लागल्यात. कोणाकडे जुन्या पाठदुखीसाठी किंवा कीमोनंतरच्या मळमळीसाठी राज्याचं मेडिकल मारिवाना (म्हणजे औषध म्हणून गांजा) कार्ड असतं, कोणी शेजारी घरफोडी झाली म्हणून नाहीतर शूटिंग रेंजवर जायची आवड लागली म्हणून पिस्तूल घेतलेलं असतं, आणि दोन्ही एकाच माणसाकडे आली की काय होतं याचा विचार सहसा कोणी करत नाही. राज्याने परवानगी दिली, डॉक्टरने सही केली, दुकानात रीतसर पावती मिळते, वर टॅक्सही भरतो, मग बेकायदेशीर कसलं?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. बंदुकीचा हा नियम फेडरल आहे, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमधला. कंट्रोल्ड सबस्टन्स, म्हणजे कायद्याने नियंत्रित ड्रग्ज, बेकायदेशीरपणे वापरणाऱ्याने किंवा त्याचं व्यसन असलेल्याने बंदूक बाळगायची नाही, आणि इथे बेकायदेशीर म्हणजे फेडरल कायद्याने, तुमच्या राज्याने काहीही ठरवलेलं असो. एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या फेडरल खात्याने, २०११ मध्येच सगळ्या लायसन्सवाल्या बंदूक विक्रेत्यांना पत्र पाठवून सांगितलं होतं की राज्याचं मेडिकल कार्ड असलं तरी हा माणूस बंदूक घेऊ शकत नाही. शिक्षा २०२२ मध्ये वाढवली, आता जास्तीत जास्त १५ वर्षं. आणि लोक ‘विकत घेणं’ एवढंच धरून बसतात, पण कायद्यात बाळगणं आहे आणि गोळ्यासुद्धा आहेत. म्हणजे कार्ड काढायच्या दहा वर्षं आधी घेतलेली शॉटगन आणि गराजमधल्या डब्यात पडलेली काडतुसं, दोन्ही त्यात आली.

दुसरी चूक फॉर्मवरची. दुकानातून बंदूक घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात सरळ विचारलंय की तुम्ही मारिवाना किंवा इतर ड्रग्ज वापरता का, आणि त्याच प्रश्नाखाली ठळक अक्षरात इशारा छापलाय की तुमच्या राज्यात औषध म्हणून किंवा मजेसाठी परवानगी असली तरी फेडरल कायद्याने मारिवाना बेकायदेशीरच आहे. काउंटरवरचा माणूस पेन हातात देतो, मागे लाइन असते, आपण भराभर ‘नो’ ‘नो’ टिक करत सुटतो. हे खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा, त्याची वेगळी शिक्षा, १० वर्षांपर्यंत. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा मुलगा हंटर बायडेन २०२४ च्या जूनमध्ये याच प्रश्नावर दोषी ठरला, त्याचं ड्रग कोकेन होतं पण प्रश्न हाच. त्याला डिसेंबरमध्ये वडिलांनी माफी दिली. आपले बाबा राष्ट्राध्यक्ष नाहीत.

मग लोक म्हणतात, अरे पण माझं बॅकग्राउंड चेक पास झालं! झालं असेल. कार्डवाल्यांची यादी त्या चेकमध्ये जातेच असं नाही, पेनसिल्व्हेनियाने तर २०१८ मध्ये सांगितलं की आम्ही ही यादी पोलिसांना देणार नाही. पण चेकमध्ये न दिसणं आणि कायद्याने चालणं यात फरक आहे. तसंच ओळखीच्या माणसाकडून फॉर्मशिवाय घेतली तरी बंदी लागू राहते, फक्त कागद नसतो एवढंच.

कार्ड नुसतं काढून ठेवलंय, ओढत नाही, असं असेल तर? नेवाडात नेमकं हेच झालं. २०११ मध्ये रोवन विल्सन नावाच्या बाई बंदूक घ्यायला गेल्या, दुकानदाराला त्यांच्याकडे कार्ड असल्याचं माहीत होतं, त्याने विकायला नकार दिला. त्या कोर्टात गेल्या आणि २०१६ मध्ये नाइन्थ सर्किटमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या फेडरल अपील कोर्टात, हरल्या. कोर्टाने मान्य केलं की कार्ड असलेला प्रत्येकजण वापरत असेलच असं नाही, तरी दुकानदाराने कार्ड बघून नाही म्हणणं चालतं. म्हणजे ‘असू दे एक कार्ड जवळ’ हा विचार वेस्ट कोस्टवाल्यांनी तरी सोडावा.

आता घरातली भानगड, जी मला सगळ्यात जास्त डेंजर वाटते. कार्ड बायकोचं, बंदूक नवऱ्याची, सेफ बेसमेंटमध्ये आणि सेफची किल्ली फ्रिजशेजारच्या हुकावर कारच्या किल्ल्यांसोबत. बंदूक तिच्या नावावर नसली तरी ती कधीही काढू शकते, आणि ती तिथे आहे हे तिला माहिती आहे, तेवढ्यावर तिचाही ताबा आहे असा दावा सरकारी वकील करू शकतो. त्यामुळे किल्ली किंवा कोड एकाकडेच ठेवा, खरंच एकाकडे, ‘इमर्जन्सीला म्हणून’ सांगून ठेवलेला कोड नको. आणि याच्या उलट हुशारी, म्हणजे स्वतःला मिळणार नाही म्हणून मित्राच्या नावावर घ्यायची, ती अजिबात करू नका, त्यात दोघेही अडकतात.

रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही बाळगणंच धरलं जाऊ शकतं, हे लाँग वीकेंडला ग्रुपने जाणाऱ्यांना माहिती नसतं. एच-वन-बी वाल्यांना तर गांजा न ओढताही मुळातच बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद. ग्रीन कार्डवाले बंदूक घेऊ शकतात पण त्यांचं दुखणं वेगळं: यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याने, २०१९ मध्ये स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला मारिवानाही सिटिझनशिपच्या अर्जात आडवा येऊ शकतो. स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत बाळगल्याचा एकच गुन्हा असेल तर डिपोर्टेशनमधून सूट आहे, बंदुकीच्या गुन्ह्याला तशी सूट नाही. दोन्ही एकत्र म्हणजे आगीत तेल.

एक आपल्याकडचा गैरसमज. भारतात एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत म्हणून भांगेला आपण गांजापासून वेगळं धरतो. अमेरिकेत पान, फूल असा भेद नाही, टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या वर गेलं की होळीची भांगवाली थंडाईसुद्धा मारिवानाच.

‘कोर्टाने हे सगळं रद्द केलंय’ असंही ऐकायला मिळतं. फिफ्थ सर्किटने, म्हणजे टेक्सस, लुइझियाना, मिसिसिपीवाल्या कोर्टाने, २०२३ मध्ये डॅनियल्स केसमध्ये आणि २०२४ मध्ये कॉनेली केसमध्ये आरोपीच्या बाजूने निकाल दिले हे खरं, पण ते त्या त्या माणसापुरते, कायदा पुसला गेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेक्ससचीच हेमानी केस ऐकायला घेतली. त्या केसमध्ये एक गोष्ट बघण्यासारखी आहे: आपण एक दिवसाआड गांजा ओढतो हे फेडरल एजंटना आरोपी हेमानीने स्वतःच सांगितलं होतं. मारिवाना शेड्यूल एकमधून, म्हणजे फेडरल कायद्याच्या सगळ्यात कडक ड्रग-यादीतून, शेड्यूल तीनमध्ये टाकायच्या चर्चेवरही उड्या मारू नका, केटामाइन शेड्यूल तीनमध्येच आहे आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतलं तर गुन्हाच. मळमळीसाठी ड्रोनॅबिनॉल नावाची एफडीएने मान्य केलेली कॅप्सूल प्रिस्क्रिप्शनवर मिळते, ती घेणाऱ्याला हा बंदुकीचा त्रास नाही, डॉक्टरला विचारून बघा.

आणि दोन्ही आधीच घरात असतील तर घाईने एटीएफला फोन करून कबुली देऊ नका, जुना फॉर्म ‘दुरुस्त’ करायला दुकानात जाऊ नका. आधी वकील, आणि तोही क्रिमिनल आणि इमिग्रेशन दोन्ही कळणारा, सिटिझन नसाल तर नक्कीच. तो सांगेल बंदूक लायसन्सवाल्या डीलरमार्फत विकायची की घराबाहेरच्या पात्र माणसाच्या नावावर करायची, कार्ड परत करायचं असेल तर कधी करायचं, आणि बंदूक गेली तरी गोळ्यांचा डबा मागे राहतो तो कुठे द्यायचा.