अ‍ॅसिड व्हॅल्यू १९७ आली आणि मी पेढे वाटले

प्रोजेक्टच्या तिसऱ्या आठवड्यात, कोकमाच्या तेलातून वेगळ्या केलेल्या माझ्या स्टिअरिक अ‍ॅसिडची अ‍ॅसिड व्हॅल्यू १९७ आली. म्हणजे एक ग्रॅम मालातलं आम्ल मारायला इतके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागलं. पुस्तकातला आकडाही तोच, म्हणून लॅबमध्ये पेढे वाटले. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आयोडीन व्हॅल्यू?" शंभर ग्रॅम माल दुहेरी बंधांवर किती ग्रॅम आयोडीन घेतो, तो हा आकडा. ती निघाली १८. म्हणजे मालात पाचवा हिस्सा ओलिकच होतं, एक दुहेरी बंध असलेलं दुसरं फॅटी अ‍ॅसिड!

झालं असं, की ओलिकची अ‍ॅसिड व्हॅल्यूही १९८-१९९ असते. दोन्ही रेणूंत फरक फक्त दोन हायड्रोजनचा, त्या टायट्रेशनला तो कळत नाही. आयोडीन व्हॅल्यू मात्र शुद्ध ओलिकची ९० आणि स्टिअरिकची शून्य. नव्याने येणाऱ्यांनो, आयोडीन व्हॅल्यू काढायचं विज पद्धतीचं टायट्रेशन आधी हातात बसवा, जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राला) नंबर लागेपर्यंत तेच उपयोगी पडतं.

काम कोकमाच्या बियांच्या तेलावर होतं. आपलं मुठेल, टाचांच्या भेगांना लावतात ते. पाम स्टिअरिनमधलं (पाम तेलाच्या घट्ट भागातलं) पामिटिक हे फॅटी अ‍ॅसिड आणि स्टिअरिक दोन्ही एकदमच खाली बसतात, वेगळं करताना जीव जातो. कोकमात पामिटिक अगदी थोडं. निम्म्याहून जास्त स्टिअरिक, बाकी बहुतेक ओलिक. स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं, ओलिक १३-१४ ला. नवशिक्याला याहून सोपं तेल नाही.

तरी मी घोळ घातलाच. तेलाचा साबण केला, आम्लाने फोडला, मिळालेली फॅटी अ‍ॅसिड्स पाचपट असिटोनमध्ये कोमट करून विरघळवली आणि फ्लास्क थेट बर्फ-मिठात ठेवला. दोन मिनिटांत आत खरवस! पंपाने ओढून गाळायच्या बुकनर फनेलवर ओतलं तर पंप ओरडतोय आणि खाली थेंब नाही. बारीक सुयांच्या जाळ्यात ओलिकचं द्रावण अडकून बसलेलं. माझी १८ तिथून आली होती.

पुढच्या खेपेला ४५ अंशांपासून तासाला पाचेक अंश उतरवत, हलकं ढवळत ५ पर्यंत आणलं. चकचकीत पापुद्रे पडले. फनेल आधी बर्फात गार केलं, फनेलवर साचलेल्या स्फटिकांच्या केकला तडा जायच्या आत तितक्याच थंड असिटोनने थोडं थोडं करून दोनदा धुतलं. पुन्हा एकदा क्रिस्टलाइझ केल्यावर आयोडीन व्हॅल्यू २ च्या खाली. (असिटोन घरगुती फ्रीजमध्ये ठेवू नका. थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते.)

शेजारच्या टेबलावर मेथनॉल वापरत होते. त्यांनी साबण फोडायला घातलेलं आम्ल नीट धुतलं नव्हतं. गरम मेथनॉलमध्ये मिथाइल एस्टर तयार झाले आणि अ‍ॅसिड व्हॅल्यूच घसरली. शिवाय क्रीममध्ये जाणाऱ्या मालात मेथनॉलचा अंश कुणालाच नको असतो.

नोकरीच्या मुलाखतीत यील्ड कुणी विचारलंच नाही. विचारलं ते, "मदर लिकरचं काय केलंत?" म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरलेलं द्रावण. मी म्हणालो, वेस्टच्या कॅनमध्ये. समोरचे गृहस्थ हसले. त्या कॅनमधलं असिटोन उडवलं असतं, तर खाली ओलिक उरलं असतं, आणि इमॉलियंटवाले (त्वचा मऊ करणारे घटक बनवणारे) ते पैसे मोजून घेतात.