बडलिया फुलत नव्हता, तेव्हा केलेला उपाय

आमचा बडलिया, म्हणजे फुलपाखरांना खेचणारं फुलझुडूप, उंचच उंच वाढला होता. खाली नुसत्या काटक्या आणि फुलांचे तुरे मोजकेच, तेही पार शेंड्याला. खतांनी काही फरक पडेना. उपाय निघाला तो छाटणीत.

बडलिया डेव्हिडाय ही जात त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांवर फुलते. म्हणून हिवाळा सरता सरता, पालवी फुटायच्या आधी, सगळ्या फांद्या जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, चांगला डोळा (नवा कोंब फुटायची जागा) बघून कापल्या. झाडाकडे बघवत नव्हतं! पण त्या खुंटांतून निघालेले धुमारे सरळ, भरदार होते आणि त्यांच्या टोकांना जांभळे, मधाच्या वासाचे तुरे लागले. जवळून पाहिलं तर एकेक फूल म्हणजे बारीकशी नळी, तोंडाशी केशरी ठिपका. फुलपाखरू सोंड घालून एका नळीवरून दुसरीवर सरकत राहतं.

ऊन किमान ६ तास हवंच, मुळाशी पाणी साचायला नको. नत्राचं खत बंद केलं, त्याने पानंच माजतात. सुकलेले तुरे लगेच कापा. नवे येतात आणि बी उधळत नाही. काही देशांत हे झाड रानोमाळ पसरलंय. कीटकनाशक अजिबात मारू नका. फुलपाखरांच्या अळ्यांसाठी लिंबू, रुई अशी त्यांच्या खाण्याची झाडंही जवळ लावा.